चूकसुद्धा पोथीचीच

१९ ऑक्टोबर १९८६
पोथी माझ्या घरात! बेरिलच्या आजीची, १९०४ सालची. चौदा वर्षं बोट लावू दिलं नाही. बेरिल ती फडक्याआड धरून वाचायची, मी माझ्या वहीत उतरवून घ्यायचे. आता शिवण उसवली आणि आमच्या चेटकिणींच्या मंडळात पुस्तकं शिवता येतात ती मलाच. "सांभाळ गं, जीव आहे माझा त्यात," बेरिल म्हणाली.

साविनच्या, म्हणजे मेलेल्यांच्या, सणाला, ३१ तारखेला, मंडळात नव्यानं येणाऱ्या पोरीची, झिलाची, दीक्षा. पोथी आजीचीच, ही शपथ मी घ्यायची.

२० ऑक्टोबर
पान तेवीस. "मेलेल्यांसाठी दार उघडं ठेव, पण चूल विझू देऊ नकोस."
ही ओळ माझी आहे.

२१ ऑक्टोबर
नीट लिहिते. १९७४ साली माझ्या वहीवर चहा सांडला, एक ओळ धुऊन गेली. बेरिलला कुठल्या तोंडानं सांगणार? "चूकसुद्धा पोथीचीच, जशीच्या तशी उतरवायची" — हा तिचा नियम! मी मनानंच एक ओळ रचून घातली. पुढे "ताडून बघते" म्हणून तिनं माझी वही नेली, महिनाभर ठेवली.

म्हणजे आजीनं माझ्यावरून उतरवलं. मेल्यावर!

या पोथीपायी मी चॅपल, आमच्या घरचं प्रार्थनामंदिर, सोडलं. आई म्हणाली, पुन्हा उंबरा चढू नकोस. तिला पुरलं तेव्हा मी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी होते. कशासाठी? चहात बुडवून जुन्या केलेल्या कागदांसाठी!

२४ ऑक्टोबर
बेरिल केशराचे पाव भाजत होती. पान तेवीस तिच्यासमोर आपटलं.
"आजी?" ती म्हणाली. "तिला सही येत नव्हती गं. फुली मारायची."
"मग हे सगळं?"
"मीच. या टेबलावर बसून. तसं सांगितलं असतं तर आली असतीस?"
मी पान उचलून घेतलं.
"ती ओळ तुझी, हे तेव्हाच ओळखलं मी. इतकी चांगली मला सुचली नसती."
वर पाव बांधून दिले! वाटेत गटारात फेकले. आईचं काय करू, ते नाही सांगितलं तिनं.

२९ ऑक्टोबर
पोथी शिवून झाली. शपथ घेणार नाही. झिलाला सगळं सांगणार.

३१ ऑक्टोबर
झिला लवकर आली, डोळे सुजलेले. "बाबांनी घराबाहेर काढलं. पोथी खरंच आजीची ना?"
म्हटलं, "हो."