अठरा की बावीस

प्रिय दादा,

"पट्टी लाकडाहून चार बोटं जास्त असावी. त्याहून लांब घेतली तर तिचं टोक पलीकडे काय करतंय, ते आपल्याला दिसत नाही."

अप्पा हे बोलले तेव्हा मी बारावीत होते. आंबिवलीच्या आपल्या वखारीत त्यांनी पहिल्यांदा चेनसॉ आणली होती, एका ठेकेदाराने वापरून टाकलेली, दातेरी साखळी फिरते ती पट्टी चौदा इंची. तू भोवती फिरून नाक मुरडलं होतंस, "एवढीशीच?" म्हणून. त्यावर ते असं म्हणाले. वाक्य तुझ्यासाठी होतं. मी ओंडक्यावर बसून पेपर सोडवत होते आणि नुसतं ऐकत होते.

लक्षात मात्र माझ्याच राहिलं. तुझ्या राहिलं असतं तर?

आज लिहायला बसले, कारण मंगळवारी वहिनीचा फोन आला. तू गेल्यापासून चौदा महिने वखार बंद आहे. ती म्हणाली, "अनू, रविवारी मोकळी आहेस का? वखार उघडायची म्हणतेय. बबनभाऊ परत कामाला यायला तयार आहेत, पण त्या मशीनला हात लावणार नाही म्हणतात. नवीन घ्यायला लागेल."

"घेऊ या ना," मी म्हटलं.

"कल्याणला त्याच दुकानात जायचंय मला. बघू दे, या वेळी काय विकतो ते. पण बोलायचं तू. मला तो मेला परत मोठीच गळ्यात मारेल. तू मास्तरीण आहेस, तुला नाही फसवता यायचं."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि कोपर स्टेशनजवळच्या या घरात, गॅससमोर, दूध उतू जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

दादा, त्याने मोठी गळ्यात मारली नव्हती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्याला माहीत आहे. चौथ्या कुणाला माहीत नाही.

तू दुकानातून फोन केलास तेव्हा मी शाळेत होते. समोर एक पालक बसले होते, मुलाच्या मार्कांवरून भांडत होते. तू म्हणालास, "अने, पटकन सांग. अठरा की बावीस?"

"कसलं अठरा-बावीस?"

"चेनसॉची पट्टी गं. अप्पांची मशीन पार बसली. इंजिन दोन्हीला एकच आहे. टिटवाळ्याच्या बिल्डिंगवाल्यांनी चार मोठे शिरीष तोडलेत, ते मिळणारेत आपल्याला. म्हणून बावीसची घेऊ म्हणतोय."

मागून तो दुकानदार बोलत होता. मला स्वच्छ ऐकू आलं. "भाऊ, रोजच्या सरपणाला बावीस कशाला? सोळा बास आहे. फार तर अठरा घ्या. हात भरून येतील तुमचे."

आणि मी म्हणाले, "मोठीच घे रे. लहान घेतली की परत घ्यावी लागते."

आपल्या घरात हे वाक्य कुणाला शिकवावं लागलं नाही. आईने आपल्याला एकही वस्तू मापाची घेतली नाही. तुझी हाफ पँट दोन वर्षं गुडघ्याखाली, माझ्या चपलांच्या पुढे कापूस. लग्नातला तुझा कोटसुद्धा एक माप मोठा होता. बाह्या आत दुमडून टाके घातले होते आणि हार घालताना एक टाका उसवला तेव्हा वहिनी खुदकन हसली होती. अंगाला येईल, बसेल, उरेल. घालणाऱ्याने वाढायचं, एवढंच. तू पन्नाशीला आला होतास दादा. उजवा खांदा आधीच गेलेला. तू कुठे वाढणार होतास?

"ठीकेय. ठेवतो," तू म्हणालास. मी त्या पालकांकडे वळले. तीस सेकंदसुद्धा झाले नसतील.

चार शिरीष तीन आठवड्यांत कापून झाले. मला फोटो पाठवलास, ओंडक्यावर पाय ठेवून, शिकारी असल्यासारखा. त्यानंतर वखारीत जे आलं ते नेहमीचंच होतं. सोसायट्यांमधल्या फांद्या, सुबाभूळ, जांभूळ, मांडीएवढं, पोटरीएवढं. केटररच्या चुलींना आणि स्मशानाला, दोन्हीकडे त्याच ढिगातलं जायचं. त्या बारीक लाकडांवर तू ती लांब मशीन चालवत राहिलास. घेतलीय तर वापरायची. एकदा म्हणालाससुद्धा, "संध्याकाळी हात ताटावर थरथरतो गं." मी काय म्हणाले? "व्यायाम होतोय तुझा." हे पण मीच म्हणाले.

बबनभाऊंनी मला जे सांगितलं ते मी तुला सांगणं म्हणजे वेडेपणा आहे. पण मी वहिनीशी हे बोलू शकलेले नाही, म्हणून लिहिते. तू ढिगावरच जांभळाची फांदी कापत होतास. पट्टी अर्ध्यात गेली होती. पलीकडे फूटभर टोक बाहेर होतं, ते मागच्या ओंडक्याला लागलं. मशीन उसळली आणि मागे तुझ्याकडेच आली. बबनभाऊ म्हणाले, "आवाज बदलला म्हणून मी वर बघितलं, तोपर्यंत झालं होतं." त्यांनी आपला शर्ट तुझ्या मानेला दाबून धरला होता. कल्याणपर्यंत धरून ठेवला होता.

टोक पलीकडे काय करतंय, ते दिसत नाही. अप्पांनी सगळं सांगून ठेवलं होतं रे.

आपल्याकडे रीत होती, घरातलं माणूस गेलं तर आपल्या वखारीतलं लाकूड वापरायचं नाही. आजोबांच्या वेळी, आईच्या वेळी, अप्पांच्या वेळी तूच टेम्पो घेऊन दुसऱ्या वखारीत गेला होतास. तुझ्या वेळी बबनभाऊ निघाले, तर वहिनीने त्यांना अडवलं. "त्यांनी कापलेलंच घाला. शेवटचं काम आहे त्यांचं." कुणाला नाही म्हणवलं नाही. मी स्मशानात आले होते, तुला ठाऊक असेल. मी तुझ्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून लाकडांच्या टोकांकडे बघत होते. कुऱ्हाडीने तोडलेली नव्हती ती. कापलेला भाग एकदम गुळगुळीत, वर्तुळं मोजता यावीत इतका. बावीस इंचाचं काम.

पण मी ज्याच्यासाठी लिहितेय ते पुढेच आहे.

तेरावं झाल्यावर वहिनी मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." कुठे ते सांगितलं नाही. त्या दुकानात जाऊन उभी राहिली. दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती त्याला म्हणाली, "चार पैसे जास्त मिळावेत म्हणून मोठी विकलीस ना? माझा नवरा मारलास तू. ओळखतोस का मला?"

तो काउंटरमागून बाहेर आला. साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने हात जोडले. आपण सोळाच सुचवली होती, हेही सांगितलं नाही. वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे माझा आवाज त्याने ऐकला नव्हता. पण तू फोन केलास तेव्हा तुझ्या मोबाईलचा स्पीकर चालू होता ना? माझा आवाज त्या दुकानात घुमला होता ना?

मी बोलले नाही. त्याने ओळखू नये म्हणून बोलले नाही. वहिनीला धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं. ती रडत म्हणाली, "तू होतीस म्हणून धीर आला गं."

फोनवर जे बोलले ते घाईत बोलले. दुकानात जे गप्प बसले ते घाईत नव्हतं. तुझ्या मृत्यूचा दोष माझ्यावर किती, हे मला अजून ठरवता येत नाही. त्या माणसाने चौदा महिने जो आळ सोसला, त्याचा सगळा माझ्यावर आहे.

काल शाळेतून परस्पर आंबिवलीला गेले. वहिनी घरी नव्हती, वखारीची किल्ली नेहमीच्याच जागी होती. ती जांभळाची फांदी वहिनीने विकलेली नाही. अर्धी कापलेली, तशीच कोपऱ्यात आहे, खाचेत कोळ्याने जाळं केलंय. मी वीत लावली. माझी वीत आठ इंचांची, वर्गात मुलांना लांबी शिकवताना मोजलेली. फांदी एक वीत आणि वर एक बोट भरली.

नऊ इंच, दादा. चार बोटं धरली तरी बारा. अप्पांची चौदाची पुरली असती.

मग ढिगातली बाकीची लाकडंही मोजली. वीत, सव्वा वीत, क्वचित दीड. हे तू एकदा केलं असतंस तर? मला फोन करायच्या आधी लाकडाला हात लावून बघितला असतास तर? तुझ्यावर रागावतेही मी, लपवत नाही. जन्मभर लाकडात राहिलास आणि माप मला विचारलंस, जिने कधी करवत धरली नाही. "तू शिकलेली" म्हणून. वहिनीही तेच म्हणाली परवा. तुम्हा दोघांना कुणी सांगितलं की मला कळतं?

रविवारी मी वहिनीला दुकानात जाण्याआधी सांगणार आहे. स्टेशनबाहेर चहा घेऊ, तेव्हा. सगळं, माझ्या शब्दांसकट. ती उठून निघून गेली तर मी थांबवणार नाही. नंतर फोन उचलला नाही तर तेही समजेन. पण मग मी एकटी दुकानात जाईन, त्या माणसासमोर तोंड उघडेन, म्हणजे त्याला आवाज ओळखता येईल. माफी मागेन आणि सोळा की चौदा ते त्याला विचारेन, त्याचं ऐकेन. बबनभाऊंच्या हातात त्यांच्या मापाचीच मशीन जाईल. हे वचन समज.

आणि एक मागणं आहे. आपण लहान असताना मला एखादं गणित दुसऱ्यांदा समजावून दे म्हटलं, तर तू वही मिटायचास. एकदा विचारलेलं, एकदा सांगितलेलं तू परत कधी उगाळलं नाहीस, त्यामुळे तू नाहीच म्हणणार. तरी मागते. या वेळी समोर कुणी बसलेलं नाही, मला कसलीही घाई नाही. एकदा फक्त फोन करून परत विचार ना, अठरा की बावीस?

तुझी,
अने