भिंतीवरचे आण्णा

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार, दुपार

तीर्थरूप आण्णांच्या चरणी धाकट्या धुळाप्पाचा साष्टांग नमस्कार. (नुसता लिहिण्यापुरता नाही, खरोखर आडवा पडून घातलेला समज. कारण पुढे येईलच.)

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. मायाक्का वहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल लावून शेकत जा आणि टँकर आला म्हणून कळशी घेऊन धावू नका. तुझे राहिलेले चार दात अजून आहेत ना? शेळ्या, मेंढरं आणि तो सगळ्यांच्या अंगावर जाणारा काळा कुत्रा यांचीही खुशाली कळव. (पत्रात थोरल्या भावाला ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. पण मी तुला ‘तुम्ही’ म्हणालो तर तू तब्येत विचारायला पुढच्या एसटीने येशील, आणि तू सध्या येऊ नयेस हेच बरं. तेही पुढे येईल.)

रोज फोनवर बोलतो आणि आज एकदम पत्र कसं, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की आमच्या घरात आता गुपचूप बोलायला जागाच उरलेली नाही. आमच्या सृष्टीने स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत पाडली. पुण्याला दोन वर्षं घरसजावटीचं शिकून आलेली पोर. तिचं म्हणणं, मोकळं घर असलं की माणसंही मोकळी बोलतात. झालं उलटंच. पूर्वी पाहुणे आले की तुझी भावजय आत जाऊन साखर संपलीय, दूध नासलंय, हे लोक किती वेळ बसणार, हे सगळं मला हळू आवाजात सांगायची. आता ती ओट्यापाशी उभी राहून पाहुण्यांकडे बघत हसते आणि मला डोळ्यांनी खुणा करते. परवा मी ‘साखर संपली’ ही खूण ‘जेवायला थांबवून घ्या’ अशी समजलो आणि चार माणसं जेवायला थांबली. फोनवर मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी दोघी मान वर करतात. आणि तुझा फोन तर तू सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा मोठ्याने लावून ठेवतोस. म्हणून पत्र. आपल्या वाडीतल्या भीमाशंकरचा डाळिंबाचा टेम्पो उद्या सकाळी रिकामा परत जाणार आहे, त्याच्या हाती देतो.

तर घराबद्दल सांगतो. तू बघितलं होतंस ते घर राहिलेलं नाही. भिंतींना जो रंग दिलाय त्याचं नाव इंग्रजीत लांबलचक आहे, आपल्याकडे त्याला राख म्हणतात. सोफा इतका बुटका आहे की बसायचं म्हणजे पडायचं, आणि उठायला मला तुझी भावजय लागते. कपाटांना कड्या नाहीत, मुठी नाहीत. फळी दाबली की उघडते. चहाची पूड शोधताना मी एकदा तीन फळ्या दाबल्या, चौथी दाबत बसलो ती भिंत निघाली. दिवे छतात लपवलेत. सगळीकडे उजेड आहे, पण वर्तमानपत्र वाचायला मी गॅलरीत जातो. आमच्या लग्नातल्या सोलापुरी चादरीच्या उशा झाल्या. (मोर बरोबर मध्यभागी आलाय, हे मात्र मला आवडलं. चादर तीस वर्षं पेटीत होती, आता निदान दिसते.) बिरोबाच्या देव्हाऱ्याला तिने छान कोनाडा करून दिला, तेव्हापासून तिची आई भिंत पाडल्याचं फारसं बोलत नाही.

हे सगळं ती हौसेने करते असं समजू नकोस. पोर आठ महिने काम शोधत हिंडली. लोक म्हणायचे, आधी काही केलेलं दाखवा. दाखवणार काय? म्हणून तिने आपलंच घर केलं, साठवलेलं सगळं त्यात घातलं आणि म्हणाली, “पप्पा, घर बघितल्यावर ते आपलंच आहे हे कळलं पाहिजे. आपली गोष्ट दिसली पाहिजे.” मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं जावक बारनिशीत बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या नोंदी करत काढलेला माणूस, माझी गोष्ट ती काय दाखवणार? जावक क्रमांक? म्हणून तिने तुझी गोष्ट घेतली. तुझी लोकर कातरायची जुनी कातर चौकटीत बसवली. आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर तुझा फोटो लावला. मागच्या उन्हाळ्यात तिने काढलेला, फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. (त्या वेळी तू कडब्यात घुसलेल्या शेळीवर ओरडत होतास, पण फोटोत करारी दिसतोस.) तीन फूट उंच, रंग काढून काळापांढरा केलेला, वरून बारीक दिवा. खरं सांगतो, आण्णा, पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मला भरून आलं. तू मेंढरांमागे गेलास म्हणून मी शाळेत बसलो. हे मी तुला कधी बोललो नाही, तर भिंतीने बोललं म्हणायचं.

पण काळापांढरा फोटो, चौकट, वर दिवा, एवढं एकत्र आलं की आपली माणसं काय समजतात? शेजारच्या काकू आल्या आणि आल्याआल्या त्यांनी हात जोडले. सृष्टीने हसत सांगितलं, अहो, काका आहेत, ठणठणीत आहेत. काकू ओशाळल्या. मी तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं.

आठवड्यापूर्वी, कालच्या आधीच्या रविवारी, बापूसाहेब आले. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी त्यांची केळी आणि ऊस आहे, तिथेच मोठा बंगला बांधतायत, आतली सजावट कुणाला द्यायची ते ठरवत हिंडतायत. सृष्टीचं हे पहिलं काम झालं असतं. न झालं तर एक तारखेपासून पुण्याच्या एका स्वयंपाकघराच्या कपाटांच्या दुकानात ती नोकरी धरणार होती. तिने तसं आम्हाला शांतपणे सांगून ठेवलेलं. मी वरवर ‘तुझी मर्जी’ म्हटलं आणि गॅलरीत जाऊन बसलो. एकुलती पोर आहे, आण्णा. ती सोलापुरात राहावी एवढंच मला हवंय, यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

बापूसाहेब सगळं बघत होते पण मन मोबाइलमध्ये. मध्येच म्हणाले, “ठीक आहे, कळवतो.” ‘कळवतो’चा अर्थ सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. तरी सृष्टी त्यांना आतल्या खोलीतलं कपाट दाखवायला घेऊन गेली. (घरातलं तेवढंच एक दार शिल्लक आहे, आणि नेमकं ते वाऱ्याने लागलं.) बाहेर मी, ओट्यापाशी चहा करणारी तुझी भावजय, आणि बापूसाहेबांच्या आई बजाबाई. त्या तुझ्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेनातच. मग डाव्या भुवईवरच्या जुन्या खोकेवर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यो सांगोल्याचा बिरप्पा न्हवं?” मी म्हणालो, हो, माझे थोरले भाऊ.

आण्णा, तू त्यांना ओळखतोस. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे मालक वारले, बापूसाहेब पाळण्यात होते, आणि भावकीने सगळ्या मेंढपाळांना दम दिला की हिच्या रानात मेंढरं बसवायची नाहीत. रानाला खत नाही, पीक नाही, म्हणजे बाई आपोआप जमीन सोडून माहेरी जाईल. तू म्हणे तिथे अकरा रात्री मेंढरं बसवलीस. भावकी विचारायला आली तर म्हणालास, “रान कुनाचं, त्ये मेंढराला कळत न्हाय, मी त्येला काय करू?” धान्य घेतलं नाहीस, रोज भाकरीवर शेंगाची चटणी तेवढी मागून घेतलीस. त्या साली ज्वारी अशी आली की बाईंचा पाय त्या रानात रोवला गेला. मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. तू घरी येऊन एवढंच सांगितलं होतंस की उजनीकडे चटणी चांगली मिळते.

सांगता सांगता बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, “कवा वारला?”

मी तोंड उघडलं ते ‘अहो, आहेत की’ म्हणायलाच. बिरोबाची आण. पण तेवढ्यात आतलं दार उघडून बापूसाहेब बाहेर आले आणि बाई त्यांना म्हणाल्या, “बापू, काम हितंच द्याचं. ह्या मान्साचं उपकार फेडायचं ऱ्हाऊन गेलं, आता त्येच्या पुतणीला तरी काम देऊ.” त्यांच्या मागे दारात सृष्टी उभी होती. तिला काही कळलं नव्हतं, फक्त ‘काम हितंच’ एवढं ऐकू गेलं होतं. आठ महिन्यांत मी तिचा असा चेहरा बघितला नव्हता. ती मापाची पट्टी आणायला परत आत पळाली आणि बाईंनी मला पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “तीन वर्षं झाली.”

तुझ्या भावजयीच्या हातातून चहाचं गाळणं पडलं. बाईंनी विचारलं, कसे गेले? मी म्हणालो, झोपेत, काहीच त्रास झाला नाही. (तुला त्रास होऊ नये एवढी काळजी मी घेतली.) मग बाईंनी देव्हाऱ्यातलं झेंडूचं फूल घेऊन तुझ्या चौकटीवर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. मलाही वाकावं लागलं. छत्तीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही, आणि निवृत्तीनंतर थेट थोरल्या भावाची केली.

ते लोक गेल्यावर तुझ्या भावजयीने फूल काढलं, मीठमोहऱ्या घेतल्या, तुझ्या फोटोची दृष्ट काढली आणि ते सगळं जाळताना माझ्याकडे असं बघितलं की त्यात मलाही टाकेल की काय असं वाटलं. सृष्टीला मात्र तिने सांगितलं नाही. (चौकटीवरचं फूल बघून पोरीला वाटलं, बाईंनी मानाने वाहिलंय.) म्हणाली, “तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा.” पोर तेव्हापासून नकाशे काढत बसलीये, काढताना गुणगुणते.

असो. रागावू नकोस. वहिनींना नमस्कार, घरातल्या पोरांना आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक (तू हसशील, तरी लिहितो),
धुळाप्पा

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. कवळीचं माप द्यायला तू या गुरुवारी इकडे यायचं म्हणाला होतास. तर या गुरुवारी येऊ नकोस. त्याच दिवशी बापूसाहेब आणि बजाबाई नकाशे बघायला येणार आहेत. खरं तर बंगला पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, सोलापूरकडे फिरकला नाहीस तर माझ्यावर मोठे उपकार होतील. कवळी पंढरपुरातही चांगली करतात म्हणे. अगदीच यायची वेळ आली तर फेट्याऐवजी टोपी घाल, भुवई झाकेल अशी, आणि कुणी विचारलं तर तू आमच्या मावशीचा मुलगा.

ता. क. (मंगळवार, सकाळ) : वरचं सगळं रद्द समज. पत्राला पाकीट हवं होतं आणि पाकिटं कुठल्या फळीमागे असतात ते फक्त सृष्टीला माहीत. ती पाकीट घेऊन आली आणि माझ्या हातातलं पत्र बघून वाचायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “पप्पा, काका आहेत म्हणून तर मी तो फोटो लावला होता.” मग तिने माझ्यासमोर बजाबाईंना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. काम गेलं तरी चालेल, हेही सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “जित्ता हाय? खरंच जित्ता हाय व्हय?” आणि रडल्या. त्यानंतर त्यांनी मला फोनवर बोलावून घेतलं. दहा मिनिटं काय बोलल्या ते सगळं लिहीत नाही; सुरुवात “भावाला मारतोस व्हय रं मुडद्या” इथून होती, नंतर वाढत गेलं. शेवटी म्हणाल्या, “काम पोरीला द्याचं का न्हाय, त्ये आता बिरप्पाच सांगंल.” तर गुरुवारी त्या तुझ्याकडे सांगोल्याला येतायत, बापूसाहेबांची गाडी घेऊन, सृष्टीही बरोबर. म्हणजे ज्याला मी वारलेला दाखवला त्याच्याच तोंडाकडे आता माझ्या लेकीला बघायचंय. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. पोर कामाची आहे आणि खोटं बोलत नाही, एवढं खरं ते सांग. येताना त्यांच्याच गाडीत बसून कवळीसाठी इकडे ये.

ता. क. : हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, आता लपवायचं काही राहिलेलं नाही. पण तुला तोंडाने सांगायची माझी हिंमत होत नाही, म्हणून पत्रच पाठवतोय. आणखी एक. त्या रविवारपासून मी रोज संध्याकाळी फोन करून तुला ‘जेवलास का’ विचारतोय आणि तू वैतागून म्हणतोस, “व्हय, जेवलो की! किती येळा इचारशील?” आण्णा, कारण आता तुला कळलं. आजही करीन. असाच वैतागत जा.