कोणासारखी?

८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणते, शेक घेत नाहीस. पस्तीस वर्षं रुग्णालयात काढली, पण तुझ्याइतका हट्टी रोगी पाहिला नाही, आणि तू तर कधी भरतीही झाला नाहीस. फोन करणार होते, पण फोनवर मला ऐकू कमी येतं आणि तुला राग लवकर येतो. म्हणून हे पत्र.

मार्चच्या शेवटच्या दिवशी मी मेट्रनपदावरून निवृत्त झाले, तेव्हा चादरींच्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला तळघरातल्या धुलाईघरात गेले होते. तिथे फरशीचा एक लांब बोळ आहे, माझ्या चालीने साठ पावलांचा. एका टोकाला धुलाईची यंत्रं, दुसऱ्या टोकाला इस्त्रीचं मोठं यंत्र, आणि मधून कपड्यांच्या ट्रॉल्या दिवसभर जात-येत असतात. त्या ट्रॉल्यांमधून एक मुलगी हॉकीचा चेंडू नेत होती.

पाणी वाहून जावं म्हणून त्या बोळाला हलका उतार आहे. ती चेंडू वर ढकलायची, तो वळून खाली यायचा, मध्ये ट्रॉली आडवी आली की त्याला कडेने काढून घ्यायची. दादा, मी पाच मिनिटं पाहत होते आणि मला काहीतरी खटकत होतं. मग लक्षात आलं. चेंडू स्टिकवर येतोय आणि आवाजच होत नाही. तो ‘टक्’, जो ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, तो नाहीच. चेंडू आला की तिची स्टिक त्याच्याबरोबर किंचित मागे जाते आणि तो तिथे येऊन निजतो.

तिची आई इस्त्रीच्या यंत्रावर आहे. मला पाहून बिचारी पांढरीफटक पडली. तिने हात जोडून सांगितलं की पोरगी शाळा सुटल्यावर इथेच बसते, दोन वर्षं झाली खेळतेय, पण मेट्रनबाईंना आवाज गेला तर माझी नोकरी जाईल अशी तंबी मी तिला पहिल्याच दिवशी दिली होती. दादा, त्या बोळाच्या बरोबर वर माझी खोली. दोन वर्षं हे माझ्या पायाखाली चाललं होतं आणि मला पत्ता नाही!

स्टिक तिला आमच्या अडगळीत मिळाली. मोडलेली, जखमेला लावतो त्या चिकटपट्टीने गुंडाळलेली. तेव्हापासून मी तिला रोज सकाळी शाळेच्या मैदानावर नेते. आपल्या मिशन शाळेतल्या सिस्टर झग्याचा घोळ कमरेला खोचून शिट्टी फुंकत धावायच्या तिथेच. माझ्यात धावायचा दम नाही, पण शिट्टी येते.

वीस तारखेला हॉकीच्या निवासी केंद्राची निवड चाचणी आहे आणि समितीत तू आहेस. ऑगस्टमध्ये पोरगी सोळा पूर्ण करेल, म्हणजे पुढच्या वर्षी तिला दार बंद. नाही निवडली गेली तर आई तिला चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर लावणार आहे, तसं बोलणंही झालंय. वशिला नको मला. फक्त नीट बघ. माझ्या मते ती आपल्या शाळेच्या संघातल्या ‘सुई’पेक्षा सरस आहे. घे, लिहून टाकलं.

लोभ आहेच, गुडघ्याइतकीच त्याचीही काळजी घ्यावी.

तुझी,
धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वाचून तुझी वहिनी रडली आणि मी हसलो. घराघरात एक आत्या, मावशी किंवा काकू असते, जिला अशी एक मुलगी सापडलेली असते. चाळीस वर्षं मी अशी पत्रं वाचतोय. तुझं अक्षर तेवढं त्यांच्यापेक्षा बरं आहे, त्याचं श्रेय सिस्टरांच्या पट्टीला.

सुईपेक्षा सरस म्हणतेस? अगं, सुई तुझ्याच बाकावर बसायची ना? आठव जरा. खडीच्या मैदानावर, जिथे चेंडू कुठे उडेल ते देवालाही सांगता येत नसे, तिथे ती दोन बचावपटूंच्या चार पायांतून चेंडू ओवून काढायची. आणि तिच्याही आधी आपली धाकटी मावशी. सगळे तिला पाकोळी म्हणायचे ते उगीच नाही. अनवाणी, ओल्या गवतात, लाकडाच्या लांब नाकाच्या स्टिकने. आई सांगायची, ती वळली की तिची वेणी नंतर वळायची. आताच्या पोरींना टेबलासारखं गुळगुळीत कृत्रिम गवत आणि पिसासारख्या स्टिका. त्यावर माझा गुडघासुद्धा बरा खेळेल.

माझी वही तुला माहीत आहे. वेग, पास, बचाव, दम आणि शेवटचा रकाना, ‘कोणासारखी?’. मैदानावरची प्रत्येक मुलगी कोणातरी जुन्या खेळाडूची आठवण करून देते, निदान करून द्यायला हवी. जिला पाहून कोणीच आठवत नाही तिचा रकाना कोरा राहतो आणि कोरा म्हणजे नाही. हा नियम मीच पहिल्या पानावर लिहिलाय. समितीतले बाकीचे चौघे आता चारही रकाने सोडून थेट शेवटचा बघतात आणि माना डोलावतात. तू खेळायचीस तेव्हा तुझ्या नावासमोर मी काय लिहिलं होतं आठवतं? ‘पाकोळीच्या सावलीसारखी, ढगाळ दिवशी.’ तू आठ दिवस बोलली नव्हतीस.

चाचणीला येईन, पण तुझ्याकडे उतरणार नाही आणि मैदानावर तुला ओळखही दाखवणार नाही. बहिणीने भावाला गुंडाळलं असं कोणी म्हणायला नको. वही दुपारी चिटणिसाच्या हातात देईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत. राग मानू नकोस.

लोभ होता, आहे. तो रकान्यांत बसत नाही एवढंच.

तुझा,
दादा

२१ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

काल घरी पोचलो आणि जेवलो नाही. वहिनीला वाटलं, बरं नाही. तिला काय सांगू कळेना, म्हणून तुला लिहितोय.

तुझी पोरगी मैदानात आली तेव्हा मी चष्मा पुसत होतो. तिचे बूट कुणाचे तरी उसने होते, पुढे बोटभर मोकळे. मी मनाशी म्हटलं, झालं, ही पहिल्याच वळणाला पडणार. पहिली दहा मिनिटं तिच्याकडे चेंडूच आला नाही. नवख्या पोरीला कोण पास देतं? मग मागून एक जोरदार फटका आला, चुकलेला, गुडघ्याएवढ्या उंचीचा. अशा चेंडूपुढून मोठमोठ्या खेळाडू बाजूला होतात. तिने स्टिक उभी धरली आणि चेंडू तिच्या पायाशी उतरला. आवाज आला नाही. माझ्या शेजारचा पंच शिट्टी तोंडात धरून तसाच राहिला.

मग ती निघाली. समोर तिघी होत्या. आपण शिकलो की समोरच्याला चकवायचं, डावीकडे झुकायचं आणि उजवीकडून जायचं. ही कोणाला चकवतच नव्हती. त्या तिघी जणू मालाने भरलेल्या ट्रॉल्या असाव्यात, स्वतःच्या वजनाने कुठे जाणार ते ठरलेल्या. ही फक्त त्या जिथे नसणार तिथे जात होती. दोघी एकमेकींवर आपटल्या. गोलरक्षक पुढे आली, तेव्हा पोरीने चेंडू तिच्या बाजूने इतका हलका ढकलला की तो रेषेपलीकडे जेमतेम पोचला आणि थांबला. जोरात मारायची तिला गरजच वाटली नसावी. मी उभा राहिलो, धाकटे. गुडघा विसरलो.

मग वही उघडली. पहिले चार रकाने भरले. शेवटच्यात ‘पाकोळी’ लिहायला पेन टेकवलं. पण पाकोळी वारा होती, ही वारा नाही. सुई? सुईला भोक शोधावं लागायचं. एकेक आठवत गेलो. माझ्या सगळ्या पोरी, चाळीस वर्षांतल्या, एकामागून एक समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मान हलवून गेल्या. शेवटी पेनाला टोपण लावलं आणि जागा तशीच सोडली. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. आपण जे पाहिलं त्याच्या बाहेरही काही असतं, हे या वयात कळणं म्हणजे केवढं भाग्य.

वही दिली आणि गाडी पकडली. तू दोरीपलीकडे छत्री धरून उभी होतीस, दिसलीस मला. पिवळी साडी छान दिसत होती.

लोभ दुप्पट करावा, मी केलाय.

तुझा,
दादा

२४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि केंद्राची यादी एकाच दिवशी आली. यादीत सोळा नावं आहेत. तिचं नाही.

मी चिटणिसांना भेटले. भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली आणि तुझी वही उघडून दाखवली. म्हणाले, चारही रकान्यांत असे शेरे सरांनी आजवर कोणाला दिले नव्हते, आम्हालाही नवल वाटलं, पण शेवटचा कोरा आहे, आणि सरांचा नियम सरांच्याच अक्षरात पहिल्या पानावर आहे. त्यांनी तेही पान दाखवलं. तुझं तरुणपणीचं ते ऐटबाज अक्षर.

दादा, कोरा म्हणजे नाही. बारा तारखेला तूच मला लिहिलंस आणि वीस तारखेला तूच विसरलास. माझ्याकडे उतरला असतास तर पिठलं-भात नसता का खाल्लास आणि बोलता बोलता मी तुला आठवण नसती का करून दिली? पण तुला तुझी तत्त्वं.

पोरगी रडली नाही. तिने फक्त विचारलं की तिचा आवाज झाला का. तिला वाटतंय, चेंडू कुठेतरी वाजला असणार. काल स्टिक तिने चादरींच्या कपाटात मागे ठेवून दिली आणि आजपासून ती घड्यांच्या टेबलावर आहे. निवडलेल्या मुलींनी सात जुलैला हजर व्हायचंय.

लोभाचं नंतर बघू.

धाकटी

२७ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू चिडलीस ते बरोबर आहे. मी कालच जाऊन समितीसमोर उभा राहिलो. सांगितलं की तो कोरेपणा वेगळा होता. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा झालाय, असं त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. मग चिटणिसाने माझीच वही माझ्यापुढे सरकवली आणि अगदी आदराने म्हणाला, सर, कोणाचंही नाव घाला, पाकोळी घाला, आम्ही आत्ताच यादी बदलतो.

पेन हातात होतं. एक शब्द, आणि पोरगी आत. खरं सांगतो, टोपण काढलंसुद्धा. पण मग आयुष्यभर ती पाकोळीसारखी म्हणून ओळखली जाईल आणि तिने वेगळं काही केलं की कोणीतरी म्हणेल, पाकोळी असं करत नसे. मी हे किती जणींचं केलं असेल, धाकटे? तुझंही केलंच की. ढगाळ दिवसाची सावली म्हणे. आज ते वाक्य आठवून कानाची पाळी तापली.

मी टोपण लावलं आणि म्हटलं, वहीत नका बघू, तिच्याकडे बघा. चाचणीच्या दिवशी तुम्ही माझ्या पेनाकडे बघत होता. ती जिथे शिकली तिथे चला. बरीच खडाजंगी झाली. शेवटी कबूल झाले, बहुतेक मला गप्प करायला.

तर बुधवारी, दोन तारखेला, सकाळी दहाला आम्ही पाचजण धुलाईघरात येतो. नव्या मेट्रनबाईंची परवानगी तू काढ. ट्रॉल्या नेहमीसारख्या चालू राहू देत, एकही थांबवायची नाही. इस्त्रीवाल्या बाईंना सांग, घाबरू नका. पोरीला सांग, तिचा आवाज झाला नव्हता. चूक माझ्या वहीची होती. आणि तू खाली येऊ नकोस. का, ते तुला माहीत आहे.

तुझा,
दादा

३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून खाली आले नाही. पण घरीही बसवेना. नव्या मेट्रनबाईंना म्हटलं, मला जरा माझ्या जुन्या खुर्चीत बसू द्या. त्यांनी चहा दिला, तो तसाच निवला.

दहा वाजता तुम्ही पाचजण बोळात उतरलात. मी कान जमिनीला लावायचीच बाकी होते. ट्रॉल्यांची चाकं ऐकू आली. तिसऱ्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरतं, मी असल्यापासून, अजून कोणी तेल घातलेलं नाही. इस्त्रीच्या यंत्राचा सुस्कारा ऐकू आला. आणि बाकी काही नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मला वाटलं, पोरगी घाबरली, स्टिक उचललीच नाही तिने. मी उठून दाराशी गेले, परत आले. वीस मिनिटं! भिंतीवरचं घड्याळ माझ्यापेक्षा मोठ्याने श्वास घेत होतं. मग मला एकदम उमगलं की ती खेळतेय. हे जे काहीच ऐकू येत नाहीये, तेच तिचं खेळणं आहे. दोन वर्षं मी या खुर्चीत बसून हेच ऐकत होते आणि त्याला शांतता समजत होते.

पुढचं इस्त्रीवाल्या बाईंनी सांगितलं. समितीतल्या एकाने पोरीला विचारलं म्हणे, तू कोणाकडून शिकलीस? ती म्हणाली, ट्रॉल्यांकडून. दुसऱ्याने विचारलं, तुला कोणासारखं खेळायचंय? ती म्हणाली की चाचणीआधी तिने कोणाला खेळताना पाहिलेलंच नाही, शाळेच्या मैदानावर आजी असतात, पण त्या नुसती शिट्टी वाजवतात. आजी म्हणजे मी! आणि तेव्हा म्हणे तू भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागलास. किती वेळा पुसतोस रे तो चष्मा?

आज चिटणिसांचं पत्र आलं. सतरावं नाव तिचं आहे. सात तारखेला मी तिला पोचवायला जाणार, नवे बूट घेऊन, तिच्याच मापाचे. चिकटपट्टीची स्टिक ती सोडत नाही, मी आग्रहही केला नाही. त्यांनी असंही लिहिलंय की तुझ्या वहीतला शेवटचा रकाना तू पट्टी लावून शेवटच्या पानापर्यंत कापून काढलास. चाळीस वर्षांचा कागद, दादा. माझी ढगाळ सावलीही त्यात गेली असेल. जाऊ दे. आता ऊन पडलंय.

काल तू गाडीकडे लंगडत गेलास तेव्हा मी खिडकीत होते. वर बघितलं नाहीस, पण वही उंच धरलीस, ती माझ्यासाठीच ना? पुढच्या खेपेला सरळ घरी ये. आता आपल्याला कोणाची निवड करायची नाहीये.

एक सांगायचं राहिलं. साडेदहाच्या सुमारास खालून आवाज आला. तिच्या खेळापायी त्या बोळातून दोन वर्षांत आलेला पहिला आवाज. दणदणीत, कोणाचीही पर्वा न करणारा, दहा हातांच्या टाळ्यांचा. आणि तुला खरं वाटणार नाही, पण डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी सवयीने खुर्चीतून उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि ओठांवर बोट ठेवलं. वर रुग्ण झोपले होते ना.

मग बोट काढलं.

लोभ परत पहिल्यासारखा केला आहे, कळावे.

तुझी,
धाकटी