हेव्याचा प्रवेश

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल मी लिहिलं की दार बाईंनी स्वतः उघडलं. ते चूक आहे. दार स्वयंपाकाच्या काकूंनी उघडलं. बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या होत्या आणि तिथूनच त्यांनी दोन्ही हात पसरून "ये गं, ये" असं काही म्हटलं, की दारही त्यांनीच उघडल्यासारखं मला वाटलं. कालचं वाक्य खोडलं आहे, पान फाडलेलं नाही. चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही दिसली पाहिजे, असं आईने शिकवलं आहे.

बाकी कालचं बरोबर आहे. खोली माडीवर, खिडकीतून सकाळचं ऊन, टेबलाचे खण न अडकता उघडतात. काकू म्हणाल्या, या घरात एवढी एकच वस्तू धड आहे, तेव्हा तिच्याशी गोडीने वागा. काम असं: बाईंच्या आयुष्याची आणि कारकिर्दीची हकीकत तारीखवार लावायची, म्हणजे पुढे पुस्तक करता येईल. कात्रणं, फोटो, आणि बाईंच्या गाजलेल्या मालिकेच्या कॅसेटी कपाटभर.

मी धांदलच्या घरी राहते आहे हे अजून खरं वाटत नाही. नऊ वर्षं दर गुरुवारी टीव्हीवरून घराघरांत ती यायची: किल्ली कुलपातच ठेवून घरभर शोधणारी, इस्त्रीशी भांडणारी, पाहुण्यांना चुकून शेजाऱ्यांच्या घरी बसवून येणारी सून. बाईंचं खरं नाव आता त्यांच्या पत्रांवर तेवढं उरलं आहे. रस्त्यावर लोक अजून धांदल म्हणूनच हाक मारतात.

मुलाखतीला माझ्याहून जास्त शिकलेल्या मुली होत्या. मी वय चोवीस सांगितलं आणि मग, थांबा, चुकलं, पुढच्या आठवड्यात पंचवीस होईल, असं दुरुस्त केलं. बाई पोट धरून हसल्या. तिथेच मला ठेवून घेतलं.

शनिवार, २० सप्टेंबर

सुरुवातीची वर्षं लावून झाली. बाई आधी रेडिओवर लहान मुलांचे आवाज काढायच्या. मग नाटकात मोलकरणी, नर्सा, "बाईसाहेब, फोन" एवढंच म्हणणाऱ्या मुली. मग ही मालिका. दोन लग्नं, दोन्ही मोडली, दोन्ही नवरे अजून वाढदिवसाला फुलं पाठवतात. एक सिनेमा पडला. त्याचं परीक्षण सापडलं: बाईंना सगळं येतं, पण नायिकेच्या हेव्याच्या प्रवेशात त्या खोट्या वाटतात. बाईंनी ते कात्रण स्वतः जपून ठेवलं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवते. मी लहान होते तेव्हा मला शाळेत पाठवत नव्हते. दहा वर्षांची होईपर्यंत आईनेच घरी शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. आई कडक. पाढा बरोबर आला तर "हं", चुकला तर "पुन्हा". तिला हसताना मी फक्त गुरुवारी पाहिलं, टीव्हीसमोर. धांदलने दुधाऐवजी रंगाचा डबा चुलीवर ठेवला की आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. मी एकदा मुद्दाम कपबशी पाडून पाहिली. आई हसली नाही. तिने केरसुणी आणून दिली.

आता मी मोठी झाले आहे, आणि हे काही मनात धरण्यासारखं नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

आईचा फोन. नीट जेवतेस का, अक्षर नीट काढतेस का. बाईंना नमस्कार सांग म्हणाली, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज मऊ झाला.

आज बाईंच्या धाकट्या बहिणीची ओळख झाली. त्या मागच्या खोलीत असतात. इतकी नीटनेटकी बाई मी पाहिली नाही. रुमालांच्या घड्या एकावर एक, काठाला काठ. विचारलं तर उत्तर देतात, नाही तर गप्प. मी बसल्या जागी एक जुना भाग लावला. धांदल जिन्यावरून बादलीसकट घसरली. धाकट्या बाई स्थिर नजरेने पाहत होत्या. फक्त ओठ हलत होते, धांदलच्या बरोबरीने, शब्द न शब्द.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मोठी बातमी. इतक्या वर्षांनी बाईंची नवी मालिका येते आहे. त्या एका ऑफिसातली जुनी कारकून होणार. ही बाई खोटं बोलू शकत नाही, साहेबाचं भाषण मध्येच थांबवून आकडा दुरुस्त करते, म्हणून सगळे हैराण. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर होणार.

जेवताना बाई एक किस्सा सांगत होत्या. मध्येच थांबल्या, डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली, बारीक खाकरल्या आणि म्हणाल्या, "थांबा, चुकलं." काकू हसता हसता भाताचं भांडं धरून खालीच बसल्या. म्हणाल्या, अगदी आमच्या लेखनिकबाई. मीसुद्धा हसले. कानाची पाळी मी धरते हे मला आजवर माहीत नव्हतं.

इतक्या मोठ्या नटीने माझं काही उचलावं, याचा मला आनंद झाला. पूर्ण आनंद नाही. घरी मी हे करते तेव्हा आई म्हणते, कान सोड. तेच बाईंनी केलं तर सगळं टेबल हसतं.

बुधवार, १ ऑक्टोबर

चहा केला आणि गॅस तसाच चालू ठेवून माडीवर आले. मी निघण्यापूर्वी बटण दोनदा तपासते, लहानपणापासून. आज तपासलं नाही, आणि तपासलं नाही हे जाणवलंही नाही. काकू चिडल्या. म्हणाल्या, एक घर जाळून झालं की दुसरं सांगेन. मग बाई आल्या, बटणाला हात लावला, दोन पावलं गेल्या, परत आल्या, पुन्हा हात लावला. नेमकं माझ्यासारखं. काकू हसल्या.

दुपारी एक साल आठवत नव्हतं. हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. पुढे काय करायचं ते हाताला ठाऊक नव्हतं. आरशासमोर उभी राहून पाळी धरून पाहिली. दुसऱ्या कोणाची नक्कल केल्यासारखं वाटलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

मी आंघोळीला गेले असताना आईचा फोन आला. बाहेर आले तर दिवाणखान्यात बाई रिसीव्हर धरून बोलत होत्या. माझ्या आवाजात. गंमत म्हणून केलं असेल, असं मी दाराशी उभी राहून स्वतःला समजावलं. त्या आईला माझा आठवडा सांगत होत्या. गॅसचा किस्सा सांगितला, थांब, चुकलं, असं म्हणाल्या. आणि रिसीव्हरमधून आई हसली.

इतकं मोठं हसली की मला दारापर्यंत ऐकू आलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. आई म्हणाली, तिकडे गेल्यापासून किती मोकळी झालीस, आधीच का नाही अशी बोललीस माझ्याशी. मी सांगायला हवं होतं की ती मी नव्हते. नाही सांगितलं. मला ते "मोकळी" ठेवून घ्यायचं होतं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काकूंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, धाकट्या बाई आधी कशा होत्या ठाऊक आहे का तुम्हाला. दुधात मीठ, पायात दोन जोडांच्या दोन चपला, हसायला लागली तर शेजारून विचारायला माणूस यायचं. मग थोरलीला ती मालिका मिळाली. वर्षभरात धाकटी अशी झाली. लोक म्हणाले, बरं झालं, पोरगी सुधारली. लग्न ठरलं होतं तेही मोडलं. मुलगा म्हणाला, जिला पाहिलं ती ही नव्हे. आणि दर गुरुवारी टीव्हीसमोर बसायचा म्हणे.

मी विचारलं, तुम्ही इथे का राहता मग. काकू म्हणाल्या, अहो, माझ्यात घेण्यासारखं आहे काय, नुसती कटकट. मग भाजीची टोपली उचलून म्हणाल्या, तू जा, पोरी.

पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

बॅग भरली होती. मग विचार केला, काय घेऊन जाऊ. आई दार उघडेल, तिला फोनवरची मुलगी हवी असेल. ती इथे बाईंकडेच राहील.

बॅग रिकामी केली.

संध्याकाळी बाई खोलीत आल्या, पलंगावर बसल्या, फार प्रेमाने बोलल्या. म्हणाल्या, त्यांना आयुष्यभर सगळ्यांचं प्रेमच मिळालं, त्यामुळे हेवा काय असतो ते कधी कळलं नाही, आणि अभिनयात ते एकच राहून गेलं. नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात जुनी कारकून नव्या मुलीवर जळते असा मोठा प्रवेश आहे. विनोदी, पण आतून खरा हवा. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. म्हणाल्या, तुझ्या आईशी मी बोलते तेव्हा तुझ्या डाव्या गालाला काय होतं ते मला अजून नीट जमत नाही.

म्हणून फोन. म्हणून मी दारात असतानाच.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज फोन वाजल्याबरोबर मी उचलला. आई, मी बोलतेय, म्हटलं.

 आई परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली, आपण घरकामाला आहात का, जरा माझ्या मुलीला बोलवा. मी म्हटलं, आई, मीच. आई म्हणाली, अहो, मी माझ्या मुलीचा आवाज ओळखत नाही का.

बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर हळूच घेतला. बोलल्या. आई हसली. बाईंनी तिला चित्रीकरणाला बोलावलं, पहिल्या रांगेत. शनिवारी, १८ तारखेला. आई येते म्हणाली. नवीन चप्पल घेते म्हणाली.

आईने माझ्यासाठी कधी —

माझा डावा गाल हलत होता. बाईंचाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

वर मी लिहिलं आहे की धाकट्या बाई उत्तर देतात. बहुतेक दुरुस्त करायला हवं. आज विचारलं, पहिल्यांदा काय जातं आणि शेवटी काय. नुसत्या बघत राहिल्या. मग रुमालाची घडी मोडली. पुन्हा घातली. म्हणाल्या, शेवटी वाईट वाटणं जातं.

मग बरं असतं, म्हणाल्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर

बंद दारामागे बाईंची तालीम. जिन्यावरून ऐकलं. आता खोटं वाटत नाही —

काकू सुट्टीवर. की काढलं. विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

दुपारी पुन्हा आईचा फोन. चप्पल घेतली, तपकिरी. बाईंनी काहीतरी सांगितलं, आई हसली, खूप वेळ. मी तिथेच होते. खुर्चीची धूळ पुसत होते.

मला काही झालं नाही.

नाही, झालं. थोडं. उशिरा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

हे जळणं शनिवारपर्यंत पुरलं पाहिजे. एवढंच माझं उरलं आहे. म्हणून आठवून आठवून जपते. आईचं "पुन्हा". केरसुणी. तपकिरी चप्पल.

एक आठवलं. कुठल्याशा गुरुवारी आई हसता हसता माझ्याकडे वळली होती. माझा चेहरा तिने पाहिला. हसू थांबलं. उठून टीव्ही बंद केला. माझ्या शेजारी येऊन बसली. भाग संपेपर्यंत टीव्ही तसाच बंद. तो चेहरा आईने पाहिला आहे. आवाज विसरेल, कान विसरेल, तो चेहरा ती —

बाईंच्या आधी तो चेहरा मी करायचा. प्रेक्षकांसमोर, आईसमोर, कारकून टेबलावरून उठते तिथे. मी आत शिरणार. बोलणार नाही. आवाज माझा नाही. फक्त तोंड उजेडाकडे —

बाई दारात आहेत, माझ्या गालाकडे बघत. किती वेळ उभ्या —

गाल हलवून पाहिला. हलतो. अजून हलतो.

शनिवारी, १८ तारखेला, आई पहिल्या रांगेत बसली की मी