मुराळ्याचं इंजिन

१४ जानेवारी १९८२. संक्रांत.
खताच्या दुकानातून नवी डायरी मिळाली. पहिल्याच पानावर मोठी नोंद : गाडी घेतली. स्पोर्ट मॉडेल. दोनच दारं, लाल रंग, कापडी टप मागे सारला की डोक्यावर नुसतं आकाश. नागपूरच्या एका डॉक्टरांची होती. आत इंजिन नाही, ते त्यांनी आधीच वेगळं विकलं. पण हा दोष नव्हे, सोय आहे. दुसऱ्यानं निवडलेलं इंजिन आपण का चालवायचं? आपण निवडू.

ट्रॅक्टरला बांधून सेलूला आणली. आनंदा ओट्यावरून म्हणाली, "दादा, नवरदेव आणला थे बरं केलं. मुंडकं कुठी राह्यलं?" माझी धाकटी बहीण. विधवा आहे. चार वर्षांमागे माझी बायको रुख्मा गेली तेव्हापासून माझं घर तीच सांभाळते, म्हणून ऐकून घेतलं.

गाडी नलूसाठी आहे, हे इथे लिहून ठेवतो. पोरगी सात वर्षांची होती. नागपूर रोडला वांग्याच्या टोपल्या टेम्पोत चढवत होतो, तेव्हा अशीच एक लाल गाडी गेली. नलू म्हणाली, "बाबा, हिचं छप्पर उडालं." मी म्हटलं, आपणही अशी घेऊ. शब्द तो शब्द.

गेल्या मे महिन्यात तिचं लग्न केलं, आष्टीला दिली. ठरवलेली मोटार ऐन वेळी आली नाही. भाजीच्या टेम्पोतून पाठवणी करावी लागली. व्याही रूपराव भर मांडवात हसून म्हणाले, "चंद्रभानजी, सून धाडून राह्यले का वांगे?" ते मी केव्हाच विसरलो. गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

२ फेब्रुवारी
वर्ध्याला ताराचंद मिस्त्रीकडे गेलो. त्याचं गॅरेज स्टँडच्या मागे आहे. दोन पर्याय. एक, नागपूरच्या भंगारातून चांगलं पेट्रोल इंजिन. दोन, छोट्या टेम्पोचं डिझेल. ताराचंद म्हणाला, "पेट्रोल म्हणजे घोडं, डिझेल म्हणजे बैल. भाऊसाब, तुमाले जायाचं कुठी, थे सांगा पह्यले." मी म्हटलं, तो मुद्दा नाही. आधी इंजिन ठरू दे.
आठ दिवसांत ठरवतो.

१५ फेब्रुवारी
अभ्यास चालू आहे. पानाच्या मधोमध रेघ मारली. पेट्रोल : पिकप चांगला, आवाज कमी. डिझेल : तेल स्वस्त, आवाज मोठा. म्हणजे आष्टीच्या बाजारातून वळलो की रूपरावांना ओट्यावर बसल्या बसल्या ऐकू येईल. हा गुण की दोष? दोन्हीकडे लिहिला.

११ मार्च
नलूचं पत्र, आत्याच्या नावानं. आत्या म्हणजे आनंदा. तिनं वाचलं, मग एकटीच हसली, मग डोळे पुसले. पोरीला तिसरा लागला आहे.
पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरायची आणि मुराळ्यानं जाऊन आणायची. नलूला भाऊ नाही, म्हणून मुराळी मीच. आनंदानं बोटं मोजली. "जुलैचा महिना आहे दादा. आठवा लागला की वेस ओलांडू देत नाईत. ध्यानात ठेवजो."
जुलै! तोवर इंजिन बसवून गाडी दोनदा धुऊन होईल.
ठरलं : पेट्रोल. अंतिम निर्णय.

२० मार्च
फेरविचार. गरोदर बाईला पेट्रोलचा पिकप सोसेल का? पण डिझेल हादरतं. तज्ज्ञाचं मत घ्यावं म्हणून गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, कारण दवाखान्यात तेच एकटे होते. ते म्हणाले, गाभण गाय ट्रकनं नेतातच की. घरी हे सांगितलं. आनंदा हातातलं ताट आपटून आत गेली. जेवण मात्र वाढलं.

२४ एप्रिल
अपूर्व दिवस. पेट्रोल इंजिन बसलं. ताराचंद शेजारी, मी स्टिअरिंगवर. टप उघडा. गॅरेजपासून सिंदी मेघेपर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी नुसती वाहत होती. माझी टोपी उडाली, थांबलो नाही. ताराचंद म्हणाला, "बस, आता लेकीले आणा."
इतकी सुरेख चालते, तर सातव्याची वाट कशाला पाहायची? उद्याच सहज भेटायला जावं, असं मनात आलं.

२५ एप्रिल
गेलो नाही. पहाटे विचार आला. आर्वीच्या पुढे पेट्रोल मिळालं नाही तर? रूपरावांच्या दारात गाडी पेट्रोलवाचून अडली तर? डिझेलचं तसं नसतं. गावोगाव विहिरींवर इंजिनं आहेत, कुणीही डबाभर देतो.

३ मे
ताराचंदला सांगितलं, पेट्रोल काढ, डिझेल बसव. तो कितीतरी वेळ फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "भाऊसाब, चालत्या जिवाचं काळीज काढाले सांगून राह्यले तुम्ही." मेकॅनिक लोक भावनाप्रधान असतात. पेट्रोल इंजिनाला गिऱ्हाईक त्याच दिवशी मिळालं. यावरूनच माझा निर्णय किती वेळेवर होता ते दिसतं.

८ जून
डिझेल आलं. जड आहे. गाडी पुढून बसली आणि बॉनेट चार बोटं उघडं राहतं. पण तिरपी दिसते त्यामुळे जास्तच स्पोर्टी वाटते. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी मजबूत कराव्या लागतील.

नलूचं पत्र, या वेळी माझ्या नावानं. "बाबा, सासूबाई म्हणतात जुलै लागला की न्या. यष्टीनं आले तरी चालते. मले यष्टी लागत नाही. आत्याच्या हातचं आंबट वरण खावंसं वाटते."
गुणाची पोर. बापाला त्रास नको म्हणून लिहिते. गाडीचं मुद्दाम कळवलं नाही, गंमत जाईल. उत्तरात एवढंच लिहिलं : लवकरच.

५ जुलै
सातवा लागला. कमानी बसल्या, गिअरबॉक्स जुळत नाही. मध्ये लोखंडी पट्टी कापून जोडायला आठ दिवस. आनंदा म्हणाली, "दादा, मले दहा रुपये दे. मी यष्टीनं जातो अन् पोरगी घेऊन येतो." समजावलं, की बाई मुराळी म्हणून गेली तर लोक काय म्हणतील? म्हणाली, "लोकायले काय, थे पोट्टी काय म्हणन?" बायकांना इंजिनातलं कळत नाही.

१९ जुलै
पट्टी तुटली. नवी टाकणार. अजून बारा दिवस आहेत. बारा दिवसांत रान नांगरून होतं.
पोस्टमन कवडू म्हणाला, आष्टीचं पत्र नाही आज. मी विचारलंही नव्हतं.

३१ जुलै. सकाळी ७.
तयार! ताराचंदनं हँडल मारून चालू करून दिली. बंद करू नका म्हणाला. आनंदा हिरवं लुगडं, खण-नारळ, ओटीचे गहू मांडीवर घेऊन शेजारी बसली. पाऊस उघडला आहे. टप मागे सारला. सातव्याचा शेवटचा दिवस, पण दिवस तर आहे! दुपारी रूपरावांच्या दारात.

त्याच दिवशी, ११ वाजता.
आंजीच्या पुढे गाडी थांबली. इंजिन चालू आहे, चाकं फिरत नाहीत. पट्टी. ताराचंदला निरोप दिला आहे. तो येईलच. हे बॉनेटवर वही ठेवून लिहितो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी. घरी.
झालं ते जसंच्या तसं लिहितो. साडेअकराला मागून आष्टीची एसटी आली. हात केला नव्हता, तरी ड्रायव्हरनं थांबवली. कंडक्टर ओरडला, "ओ काका, आष्टी का? दोन जागा खाली आहेत, चढा लवकर." आनंदा ओटीसकट खाली उतरली. "चाल दादा. उद्यापासून तिले येता येत नाई."
मी म्हटलं, गाडी रस्त्यात कशी सोडायची?
म्हणाली, "गाडी काई तुही लेक आहे?"
हात काळे झाले होते. धोतरावर ऑइल. अशा वेशात एसटीतून उतरून रूपरावांच्या ओट्यावर जायचं? मी म्हटलं, अर्ध्या तासात दुरुस्त होईल, आपण बसच्या आधी पोचू. मग म्हणाली, मी एकटी जातो. मी नाही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. बसमधले लोक पाहत होते. कंडक्टरनं घंटी वाजवली.
आनंदा परत गाडीत जाऊन बसली. ओटी मांडीवर. मग पाऊस आला. टप ओढायला गेलो तर तो मध्येच अडकला. तिनं नारळ पदराखाली घेतला. नारळ भिजून काही बिघडत नाही, असं मी म्हटलं.
ताराचंद चार वाजता आला.

१ ऑगस्ट
आठवा लागला.
शांतपणे विचार केला तर हे बरंच झालं. नववा लागला की पुन्हा नेता येतं असं पुष्कळ लोक मानतात. म्हणजे पूर्ण एक महिना मिळाला. या महिन्यात गिअरबॉक्सचं काम मुळापासून करता येईल.

१४ ऑगस्ट
रूपरावांचं कार्ड. दोन ओळी. "आता पोरीला हलवत नाही. इथेच करू. काळजी नसावी." टोमणा कुठे आहे ते तीनदा वाचून शोधलं. सापडला नाही.
नलूचं पत्र नाही.

६ सप्टेंबर
नलूचं पत्र नाही. ताराचंदचं म्हणणं, याच्यात परत पेट्रोलच टाका, जुळणीला दोन दिवस लागतील. पण ते इंजिन आता कुठे आहे, त्यालाही माहीत नाही.

२७ सप्टेंबर
तार आली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.
बहिणीनं देवापुढे साखर ठेवली. मग आत जाऊन बाजेवरची गोधडी काढली, घडी केली आणि पेटीत ठेवली. जूनपासून ती बाज अंथरलेली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

९ ऑक्टोबर. आष्टी.
काल बारसं होतं. एसटीनं आलो, मी आणि आनंदा. उतरल्यावर नळावर हातपाय धुतले, कपडे झटकले. रूपराव ओट्यावरून खाली आले. स्वतः पाणी दिलं, बाज टाकली, यंदा वांग्याला कीड कितपत ते विचारलं. मी आख्खी दुपार टोमण्याची वाट पाहिली. शेवटी मीच लग्नातल्या टेम्पोचा विषय काढला. त्यांनी आठवून पाहिलं. "टेम्पो होता काय? मले तं घरात सून आली, थेच याद आहे."

विहीणबाई कौशल्याबाई पोळ्या लाटत आनंदाला सांगत होत्या. मी अलीकडे बसलो होतो, ऐकू आलं. "जुलैभर पोट्टीनं पिशवी भरून दाराशी ठेवली वं माय. चारच्या यष्टीचा भोंगा वाजला का ओट्यावर. म्या म्हणो, बस बाई, पाय सुजतीन. तं म्हणे, बाबा उतरतीन नं, त्याईले घर सापडाले पाह्यजे."

नलूनं मुलगी मांडीवर दिली. हलकी आहे. नाव सुलोचना ठेवलं. बोलायला म्हणून त्या लाल गाडीची आठवण काढली, छप्पर उडालेली. नलूला काही आठवेना. मग तिनंच विचारलं, "कोणतं बसवलं बाबा शेवटी?" आनंदानं सगळं सांगितलेलं दिसतं.
म्हटलं, डिझेल.
म्हणाली, "पेट्रोलचं चांगलं चाललं होतं म्हणे."
म्हटलं, हो.
मग म्हटलं, आता चल. सव्वा महिना झाला की चल. आत्या आहे, बाज आहे, आंबट वरण करू.
ती दुपट्यांच्या घड्या करत होती. रागानं नाही, साध्या आवाजात म्हणाली, "आता कायले बाबा?"

२० ऑक्टोबर. सेलू.
आनंदा तिकडेच राहिली. नलूनं तिला ठेवून घेतलं.
डिझेल इंजिन गाडीतून काढून विहिरीवर बसवलं. पाणी चांगलं देतं. गाडीत कोंबड्या बसतात.
पुढच्या खेपेसाठी माहिती : आष्टीहून सेलू, एसटीनं चार तास. वर्ध्याला एकदा बदलावी लागते. रोज मिळते. गर्दी नव्हती. मला खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची वर्ध्यापर्यंत रिकामीच होती.