पारसची पहिली बिडी

प्रिय सोनल,

राग निवल्यावर लिहायचं ठरवलं होतं. आठ दिवस झाले, निवत नाही, म्हणून तसंच लिहिते.

तपासणीला आणलेल्या माझ्या भावाला, पारसला, तू तुझ्या वॉर्डात सहा प्रश्न विचारलेस आणि कागदावर 'निकोटीनचं व्यसन कमी' असं लिहून मोकळी झालीस. दहापैकी एक गुण. पाचाच्या खाली असेल त्याला बिडी सोडवायच्या गटात घेत नाहीत, गोळ्याही देत नाहीत म्हणे. झालं, पारसचं नाव कटलं!

उठल्यावर पहिली बिडी कधी, तर साडेनऊला. त्याने खरं तेच सांगितलं आणि इतक्या उशिरा ओढतो म्हणून तू शून्य दिलंस. अगं, मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी तू लहानपणापासून जेवली आहेस. आंघोळ करून जैन बस्तीत देवदर्शन झाल्याशिवाय आमच्याकडे तोंडात काही जात नाही, हे तुला कुणी सांगायला हवं? पारस पाचला उठतो, दर्शन होऊन घरी यायला साडेनऊ वाजतात. साडेचार तास सोप्यातून परसात आणि परसातून सोप्यात फेऱ्या मारतो, नखांजवळची कातडी रक्त येईपर्यंत कुरतडतो. बंडल माझ्या कपाटात, कुलपात. दर्शन झालं की एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. दिवसाला किती, तर तीन. तिथेही शून्य. तू माझं कुलूप मोजलंस सोनल, त्याची तल्लफ नाही.

आजारी असताना ओढता का, यावर तो म्हणाला, "चौदा वर्सं आजारीच हाय की मी." तुझ्या शेजारची मुलगी फिसकन हसली. त्यात हसण्यासारखं काय होतं? त्याला कानात आवाज ऐकू येतात त्याला चौदा वर्षं झाली. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं त्याने. वर तुमचे मोठे डॉक्टर जाता जाता म्हणाले, असू दे, अशा लोकांना तेवढंच सुख. अशा लोकांची फुप्फुसं काय पत्र्याची असतात? एक जिना चढला की तो भिंत धरून उभा राहतो.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तुझ्यासमोरच बसले होते, पण त्या फेऱ्यांबद्दल अक्षर बोलले नाही. जैनाच्या घरात बिडी, आणि ती बहीणच मोजून देते, याची लाज वाटली. 'तीन' हा आकडा ऐकून तर मला बरंच वाटलं.

काल चहा घेताना त्याने विचारलं, "आक्का, माझं नाव आलं न्हाय व्हय? मला सोडायची हाय." चौदा वर्षांत त्याला सोडायची आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही, तूही नाहीस. यादी शुक्रवारी बंद होते, म्हणून हे पत्र. गुरुवारी त्याला घेऊन येते. कागद नव्याने भर आणि पहाटे पाचपासून विचार. मला मात्र बाहेर बसव. माझ्यासमोर तो अजून बिडी मागायला आल्यासारखाच बोलतो.

तुझीच,
चंदना