तेहतीस अनारसे आणि दुबई

२२ जुलै, दुपार
तिकीट जावयाने पाठवलं, म्हणजे दुबई फुकट, असं शेजारचे देवेंद्रजी म्हणतात. खरा खर्च असा: अनारशांत गेलेले बायकोचे, सरोजिनीचे, पाच दिवस, तिचा गुडघा, आणि "सासरे फुकटात फिरून आले" हे जन्मभर ऐकणं. अधिक महिना आहे, जावयाला तेहतीस अनारसे द्यायचेच. तिला गुडघ्यामुळे जमत नाही, डबा घेऊन मी एकटाच.
निश्चय: मुलीकडे उतरायचं नाही, हॉटेलात राहायचं. उंच टॉवरवरून फोटो पाठवायचा. भ्यायचं कशाला? सायकलवर मसाले विकून इंदूरच्या सियागंज बाजारात दुकान उभं केलंय.

२३ जुलै, विमानात
मागे दोघं आपल्या इंदूरचेच. माझे कान तेज. एक म्हणाला, भिया, खसखस तो नी लाया? वहाँ नशे में गिनते हैं, सीधे अंदर.
टॉयलेटमध्ये जाऊन डबा उघडला. प्रत्येक अनारशावर पांढरे बारीक दाणे. तीस वर्षं माल पाहतोय, एका नजरेत ओळखला: नीमचची खसखस, अव्वल. डबा घट्ट बंद केला.

२३ जुलै, संध्याकाळ
स्कॅनरवाल्याने विचारलं, काय आहे? म्हटलं, बिस्किट. त्याने जाऊ दिलं. मुद्दामच. आता मागावर माणूस ठेवतील.
शर्वरी घ्यायला आलेली. बाबा, एवढा घाम? म्हटलं, वाळवंट ना. म्हणाली, बाबा, इथे एसी आहे.
जावई, हृषीकेशराव, हळूच विचारतात, आईंनी काही दिलंय का? नाही म्हणालो. त्या बिचाऱ्याला कशाला अडकवा.

२४ जुलै
डबा टाकायला निघालो. प्रत्येक कचरापेटीवर कॅमेरा. वाळूत पुरावा, तर वाळूच नाही, जिकडेतिकडे काच. एक अनारसा कमोडात टाकला. तरंगतो! चौथ्या फ्लशला गेला. सरोजिनीचा हात हलका, तोच नडला.
तिचा फोन: दिले का? "राँग नंबर" म्हणून ठेवला. इथे सगळे फोन ऐकतात म्हणे.
निश्चय: खाऊन संपवायचे. नऊ झाले. चव कसली, नुसते घशाखाली ढकलले.

२५ जुलै
आज टॉवर होता. गेलो नाही. शर्वरीला म्हटलं, उंचीचं काय कौतुक, आपला राजवाडा सात मजली आहे. खोलीत बसून पंधरा खाल्ले. लिफ्ट वाजली की डबा पलंगाखाली.

२६ जुलै, सकाळी ९
उरलेले आठ संपवले. डबा घासला, चादर झटकली, नखं कापली. आता कुणीही येऊ दे.

२६ जुलै, सकाळी ९.२०
दारावर थाप. दोन्ही हात वर करून दार उघडलं. शर्वरी आणि हृषीकेशराव. पोट धरून खालीच बसलो आणि सगळं कबूल केलं. जावई पांढरेफटक. शर्वरीने सरळ आईला फोन लावला, स्पीकरवर.
सरोजिनी म्हणाली, कुठली खसखस? अहो, दुकानातून आणा म्हणून चार वेळा सांगितलं, आणलीत का? शेवटी रवा लावला.
रवा आमच्याच दुकानातला.